मोजणीवालीने दार वाजवलं का?

२ नोव्हेंबर, सोमवार

नववा खंड आला. शेवटचा. ग्रंथपालबाईंनी कपाटातून काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्या फलाटकाका, एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

फलाटकाका म्हणजे मी. एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. 'फलाट क्रमांक सातवर उभी असलेली गाडी' हे शब्द तोंडातून जितक्या वेळा गेले असतील तितक्या वेळा बायकोला हाकही मारली नसेल. निवृत्त झालो आणि आवाज घरात मावेना, तेव्हा हिनेच मला अंधांच्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयात धाडलं. तिथे एका बंद खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड होतं, आणि त्याच्या प्रती ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी जातात. तीन वर्षं हेच करतोय.

'मोजणीवाली'चे आधीचे आठही खंड माझ्याच आवाजात आहेत. जमीन मोजणारी एक बाई. पहिल्या खंडाच्या तिसऱ्या पानावर तिचा धाकटा भाऊ घर सोडून जातो. तेव्हापासून ती खांद्यावर मोजणीची साखळी टाकून गावोगाव फिरते, लोकांची शेतं मोजते आणि त्याला शोधते. एकोणीस वर्षं हे चाललंय. पहिला खंड मी घरी आणला तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. रोज एक प्रकरण मी वाचायचो, तो ऐकायचा. पाचव्या खंडापासून तो मला वाचून दाखवायला लागला. आता तो तिशीचा आहे, दुसऱ्या गावी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चार वर्षं आमचं बोलणं नाही. मी काही वावगं बोललो नव्हतो. रागाच्या भरात बाप बोलतोच.

वाचनखोलीच्या भिंतीवर तीन नियम लावलेत. पुस्तक आधी घरी पूर्ण वाचून यायचं. छापलेला एकही शब्द बदलायचा नाही. टेबलाला हात लावायचा नाही. तिसरा नियम माझ्यामुळे आला. गाडी पुकारायच्या आधी वळलेल्या बोटांनी टेबलावर दोनदा टकटक करायची माझी जुनी सवय. घरी जेवतानासुद्धा काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ताटाशेजारी आधी टकटक होते. मुलगा लहान असताना लगेच आईला सांगायचा, "माइक चालू झाला." ग्रंथालयात यावर उपाय म्हणून माझ्या हाताखाली चारपदरी टॉवेल घालतात.


५ नोव्हेंबर, गुरुवार

२१२ पानं झाली. मुद्दाम हळू वाचतोय. तिला भावाचा पत्ता लागलाय. ही म्हणाली, "डोळे लाल झालेत, जरा थांबा." मी म्हटलं, एकोणीस वर्षं थांबलो तेवढं पुरे.


८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सव्वाअकराला पुस्तक संपलं, आणि मी ते भिंतीवर फेकून मारलं. पुस्तक फेकण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. बांधणी उसवली नाही हे नशीब, ग्रंथालयाचं आहे.

शेवट असा. मोजणीवाली भावाच्या घराशी पोचते. आता पुढचं जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मी काही पदरचं घालतोय असं कोणी म्हणायला नको:

'ती दारापाशी आली. तिने हात उचलला. आत कोणीतरी शीळ घालत होतं. ती ऐकत उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती वळली. साखळी तिच्या मागून खळखळत आली.'

संपलं! नऊ खंड, तीन हजारांवर पानं, सहा नद्या ओलांडल्या, एकदा विषमज्वर झाला, आणि बाई दार न वाजवता परत! शीळ ऐकून! शीळ ऐकायला एवढी पायपीट कशाला करायची? लेखिकेने आमची सरळसरळ फसवणूक केली आहे. एवढं जवळ जाऊन माणूस परत फिरतो का? दार वाजवायला काय लागतं? हात तर उचललेलाच होता.

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शीळ घालतोय म्हणजे बरा आहे ना तो. तिला तेवढं कळलं, पुरे झालं."

मी म्हटलं, "तुला पुस्तकातलं काही कळत नाही."

ही म्हणाली, "नसेल कळत," आणि निवडलेल्या भाजीत देठ टाकून बसली.


१४ नोव्हेंबर, शनिवार

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही बहिणीकडे जाते. आज जाताना गळकी गरम पाण्याची पिशवी घेऊन गेली. म्हटलं, टाकून दे, नवीन आणू. तर म्हणाली, तिकडे एक जण आहे, करून देतो. आली तर खरंच पिशवी दुरुस्त होऊन आली. रबराचा गोल तुकडा असा बेमालूम चिकटवलाय की नखाला कड लागत नाही. रात्रभर भरून ठेवायला हवी, तेव्हा खरं कळेल. कोण कारागीर आहे कोण जाणे, पण काम करावं तर असं. मी हिला म्हटलंसुद्धा, "बघ, याला म्हणतात हातात कसब."

हिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आत गेली. डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे. बहिणीशी काही झालं असेल.


१५ नोव्हेंबर, रविवार

एक थेंब गळला नाही.


१६ नोव्हेंबर, सोमवार

रेकॉर्डिंग सुरू केलं. ग्रंथपालबाईंना म्हटलं होतं, हा खंड दुसऱ्या कोणाला द्या. त्या म्हणाल्या, "ऐकणाऱ्यांना मोजणीवाली म्हणजे तुमचाच आवाज. नवव्या खंडात तिला दुसरा गळा कुठून आणू?"

मग काय, बसलो. खोली कपाटाएवढी आहे, भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा लावायचा नाही कारण त्याचा आवाज येतो. एका बैठकीत दोन प्रकरणं झाली की सदरा पिळून काढावा लागतो.

वाचलेल्याची तपासणी दोनदा होते. आधी एक जण पुस्तक समोर धरून ऐकतो, शब्द गाळलाय का ते बघतो. मग कानबाई ऐकतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. चाळीस वर्षं टेलिफोन केंद्रात होत्या, लोकांचे फोन जोडून द्यायच्या. त्यांच्या कानातून मुंगीचं पाऊल सुटत नाही. सहाव्या खंडात एका पानावर माझ्या पोटात गुरगुरलं होतं, ते पान त्यांनी मला परत वाचायला लावलं.


२५ नोव्हेंबर, बुधवार

कानबाईंनी आज दोन प्रकरणं परत पाठवली. "शब्द बरोबर आहेत, पण तुम्ही रुसून वाचताय," म्हणाल्या. "गाडी लेट असली की तुम्ही असेच पुकारायचात. प्रवाशाला वाटायचं, उशीर आपल्यामुळेच झाला."

मी म्हटलं, "शेवट वाईट आहे."

"तो मला ऐकल्यावर कळेल. तुम्ही आधीच कशाला सांगताय?"

परत वाचली.


१ डिसेंबर, मंगळवार

शेवटचं प्रकरण आज झालं. टॉवेल धुवायला घरी आणला होता, तो न्यायचा राहिला. म्हटलं, एका दिवसाने काय बिघडतंय, हात मांडीवर ठेवीन.

शेवटच्या पानावर गाडी अडली. 'तिने हात उचलला' इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग गेलो पुढे. एक शब्द बदलला नाही. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. 'तिने दार वाजवलं' एवढे तीनच शब्द घालायचे होते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला पत्ता लागला नसता. पण ते आपलं काम नव्हे. गाडीत कोण बसलंय आणि कशासाठी चाललंय हे पुकारणाऱ्याने बघायचं नसतं.


८ डिसेंबर, मंगळवार

कानबाईंनी शेवटचं प्रकरण पास केलं. मला वाटलं होतं, तो थांबलेला भाग कापायला लावतील. नाही. फक्त एवढंच विचारलं, "शेवटचं पान एका दमात वाचलंत ना?"

"हो. का?"

"काही नाही. राहू दे तसंच." मग चहा घेताना अगदी अचानक, "तुमचा मुलगा हल्ली कुठे असतो?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे चार दहाची, फलाट सात," त्या म्हणाल्या. आमच्या स्थानकासमोरच राहायच्या त्या, सगळं वेळापत्रक पाठ आहे. बाकी बाई चांगल्या आहेत, पण चौकशा फार.


१२ डिसेंबर, शनिवार

ही बहिणीकडे गेली. परत आली ती सायकलची चेन वेळच्या वेळी तेल घालून कशी ठेवावी याबद्दल शेजारणीला सांगत बसली. हिला सायकल चालवता येत नाही.


२२ डिसेंबर, मंगळवार

प्रती घरोघर गेल्या. एक्केचाळीस जणांनी नववा खंड मागवून ठेवला होता. आज पहिला फोन आला, वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या गृहस्थांचा. त्यांनी ग्रंथपालबाईंकडून माझा नंबर घेतला. रामराम नाही, काही नाही, एकदम सुरुवात.

"अहो, असा कसा तो? त्याने दार उघडू नये?"

मला इतका आनंद झाला! म्हटलं, आपल्यासारखं जळणारं आणखी कोणी आहे. मी म्हटलं, "तेच म्हणतोय मी. फसवणूक आहे ही!"

"फसवणूक नाही, निर्दयपणा आहे. आत बसून शीळ घालतोय! मी दोन दिवस काम हातात धरलं नाही. माझा भाऊ असता तर..." आम्ही अर्धा तास लेखिकेला लाखोली वाहिली. बऱ्याच दिवसांनी मला मोकळं वाटलं.


२९ डिसेंबर, मंगळवार

आतापर्यंत नऊ फोन. सगळे भावावर संतापलेत. मला जरा नवल वाटतं, कारण माझा राग बाईवर आहे. एक आजी तर म्हणाल्या, "दगड आहे मेला." पण ज्याला जसं वाटेल तसं. राग आल्याशी कारण.


४ जानेवारी, सोमवार

ग्रंथपालबाईंनी तातडीने बोलावलं. एका बाईंच्या नातीने तेच पुस्तक छापील वाचलं होतं. आजी-नातीचं जुंपलं. आजी म्हणते, तिने दार वाजवलं. नात म्हणते, कुठे वाजवलं, पुस्तकात तसं नाहीच. शेवटी नातीने रेकॉर्डिंग ऐकलं.

मग आम्ही सगळ्यांनी ऐकलं. माझाच आवाज. 'ती दारापाशी आली. तिने हात उचलला.' थोडी शांतता. आणि मग, स्पष्ट, लाकडावर:

टक टक.

'आत कोणीतरी शीळ घालत होतं. ती ऐकत उभी राहिली.'

मला खुर्ची सापडेना. माझा हात मांडीवर होता अशी मी शपथ घेतली असती. एक्केचाळीस घरांतल्या माणसांनी ऐकलं की तिने दार वाजवलं, आणि एकोणीस वर्षं शोधलेला भाऊ आत मजेत शीळ घालत राहिला, उठला नाही. हा शेवट मी केला. लेखिकेच्या शेवटाला नावं ठेवत होतो, आणि त्याच्यापेक्षा शंभर पटींनी वाईट शेवट माझ्या हाताने लोकांच्या घरी पोचवला.


५ जानेवारी, मंगळवार

पहिला तपासणारा पुस्तक बघून ऐकतो. शब्द सगळे जागच्या जागी होते, त्यामुळे त्याने सोडून दिलं, ते समजू शकतो. पण कानबाई? ज्यांना पोटातलं गुरगुरणं ऐकू येतं त्यांना टकटक ऐकू आली नाही? आज त्यांनाच जाऊन विचारलं.

"आली की," त्या म्हणाल्या.

"मग पास कसं केलंत?"

"चुकलंच माझं. काल ग्रंथपालबाईंना तसं लिहूनही दिलं. मी पुस्तक वाचलेलं नाही, मला वाटलं असेल तसं काही." आणि पुढे म्हणाल्या, "खोटं बोलले. मला कळलं होतं की ते पुस्तकातलं नाही."

"मग?"

"चाळीस वर्षं मी फोन जोडून दिले. काही माणसं नंबर सांगायची, मी जोडायला घेतला की म्हणायची, नको, राहू दे. महिन्याने पुन्हा तोच नंबर, पुन्हा राहू दे. त्यांचा श्वास मला ओळखू यायचा. शेवटच्या पानावर तुमचा श्वास तसा होता. आणि मग तुम्ही वाजवलंत. मला वाटलं, बरं झालं, वाजवलं एकदाचं. ते कापायला माझा जीव झाला नाही."

मी म्हटलं, "ती सवय आहे माझी. पुकारायच्या आधीची."

"असेल. सवय तर सवय," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप शोधायला हात पुढे केला. मी कप हातात दिला. हिच्यासारखंच बोलतात या, मध्येच सोडून देतात.


६ जानेवारी, बुधवार

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा आज लिहूनच टाकतो.

मुलाला आगाराच्या कारखान्यात मी चिकटवलं होतं. दहा जणांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. एके दिवशी दुपारी पावणेचारला तो माझ्या पुकारायच्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, बाबा, मी नोकरी सोडली, सायकलींचं दुकान टाकतोय. मी म्हणालो, "आयुष्यात एक काम धड केलं नाहीस. आईच्या पदराआड लपून मोठा झालास. तुझा बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते मला."

मी काही वावगं बोललो नव्हतो असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. या वहीतही लिहिलंय, दोन महिन्यांपूर्वी. वावगं तर होतंच. पण त्याहून पुढचं कोणाला सांगितलं नाही. माइक चालू होता. तीन पंचेचाळीसची गाडी पुकारून मी बटण बंद केलं नव्हतं. अकरा फलाट, उपाहारगृह, आगाराचा कारखाना, सगळीकडे ऐकू गेलं. बाहेर कोणीतरी हसलं, ते मलाही ऐकू आलं.

माइकचा लाल दिवा त्याला माझ्या आधी दिसला. हात लांब करून त्याने बटण बंद केलं आणि बाहेर गेला. चार दहाची गाडी सातवर लागली, तिच्यात तो चढला. काचेतून मला दिसत होतं. दहा पावलांवर. गाडी पुकारणं माझं काम होतं. मी टेबलावर टकटक केलं आणि पुकारली.

निवृत्त होईपर्यंत वर्षभर रोज पुकारली. सुट्टी घेतली नाही.


११ जानेवारी, सोमवार

टॉवेल घालून शेवटचं पान पुन्हा वाचलं. कानबाई बाहेर बसल्या होत्या. 'तिने हात उचलला'नंतर मी हात स्वतःच्या काखेत धरून ठेवला. नीट झालं. आजही शेवट आवडला नाही. पण तो तिचा आहे, तिच्या हाताने झालाय. ऐकणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

नवीन प्रती जातील, पण ग्रंथपालबाईंचं म्हणणं पडलं की एक्केचाळीस जणांना आधी फोनवर सांगायला हवं. मी म्हटलं, ते मीच करतो. चूक माझी आहे.


१३ जानेवारी, बुधवार

तेवीस फोन झाले. कोणी हसलं, कोणी रागावलं. एक आजी म्हणाल्या, "मेल्या, मी त्याला दगड म्हटलं, आता ते शब्द परत कसे घेऊ?" खुर्च्या विणणाऱ्यांना मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आज धीर करून लावला.

"तिने दार वाजवलंच नव्हतं," मी म्हटलं. "तो आवाज माझ्या हाताचा होता. पुस्तकात ती हात उचलते आणि तशीच परत जाते."

पलीकडून वेत ओढल्याचा आवाज येत होता, म्हणजे कामावर बसले होते.

"म्हणजे तिने वाजवलं नाही."

"नाही."

"म्हणजे त्याने उघडलं असतं की नसतं, ते कोणालाच माहीत नाही."

"नाही."

"मग बरं आहे की."

"बरं? एकोणीस वर्षं वाट बघितली आपण!"

"अहो, तुमचा शेवट ऐकून मला वाटलं होतं, झालं, संपलं, दार बंद. यात निदान अजून वाजवता येईल तिला. आज नाही तर उद्या जाईल." आणि लगेच आवाज चढवून, "पण लेखिकेने लिहायला हवं होतं हो! अर्धवट काम आहे हे!"

मी म्हटलं, "अगदी." मग आम्ही पुन्हा थोडा वेळ लेखिकेला बोलून घेतलं, पण माझं लक्ष नव्हतं.


१६ जानेवारी, शनिवार

उरलेले फोन संपवले. आता कुठलं काम राहिलेलं नाही. दिवसभर कपाट आवरलं.


२१ जानेवारी, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. दोनदा स्थानकापर्यंत चालत जाऊन आलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.


२४ जानेवारी, रविवार

हे सोमवारी सकाळी लिहितोय, पण तारीख कालचीच घालतो.

दुपारी तीनला सदरा बदलला. हिला म्हटलं, जरा जाऊन येतो. कुठे ते सांगितलं नाही. तिथे जाऊन परत फिरलो असतो तर कोणाला कळायला नको होतं. ही स्वयंपाकघरातून आली आणि गरम पाण्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"जाताच आहात तर ही पण न्या," म्हणाली. "दुसऱ्या बाजूने गळायला लागलीय. त्याला म्हणावं, पॅच मागच्यासारखाच लाव."

मी पिशवीकडे बघितलं. मग हिच्याकडे. ही म्हणाली, "चार दहा चुकेल," आणि दार लावून घेतलं.

आता गाड्या मशीन पुकारतं. सातवर बसून मी माझी गाडी ऐकली. मशीनला गावाच्या नावात कुठे जोर द्यायचा ते कळत नाही. दीड तास पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या गोल तुकड्यावरून अंगठा फिरवत होतो. कड अजूनही लागत नाही. रबराच्या कामात मला फारसं कळत नाही, पण धड काम आणि वेडंवाकडं काम एवढा फरक कोणालाही कळतो. नोव्हेंबरात मी ते तोंडाने बोललोही होतो, फक्त कोणाबद्दल बोलतोय ते घरात मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

मनाशी ठरवलं होतं, पावणेसहाला पोचायचं, तासाभरात बोलून परतीची सहा चाळीसची धरायची. ती शेवटची असते. काय बोलायचं ते चार वाक्यांत बसवलं होतं, पुकारण्यासारखं. पोचेपर्यंत तिसरं आणि चौथं विसरलो.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. मी येताना घोकून ठेवलं होतं, दारापाशी जायचं, हात उचलायचा, थांबायचं नाही. तर दुकानाला दारच नाही. शटर वर केलेलं, पुढे लाकडी फळी, आत सायकली टांगलेल्या. शीळबीळ कोणी घालत नव्हतं. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. तो माझ्याकडे पाठ करून चाक फिरवून आऱ्या ताणत बसला होता. पाठ माझ्यासारखी झालीय. सोल्युशनच्या डब्यांशेजारी नववा खंड पालथा ठेवलेला. शेवटची थोडी पानं राहिली होती.

मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर वळलोही होतो. मोजणीवालीला मी काय काय बोललो ते सगळं आठवलं. एवढं जवळ जाऊन माणूस परत फिरतो. फिरतो, बाई, फिरतो.

हात कधी फळीवर गेला ते मला याही वेळी कळलं नाही. टक टक.

चाक फिरायचं थांबलं. त्याने मान वळवली नाही. हात पुसला, लांब केला, आणि आधी रेडिओ बंद केला.

"माइक बंद आहे, बाबा," तो म्हणाला. "बोला."

बोललो. काय ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी अकरा फलाटांनी ऐकलं होतं, हे फक्त त्याने ऐकलं. चार वाक्यांत मावलं नाही.

मग त्याने पिशवी हातात घेऊन प्रकाशात धरली, म्हणाला, रबर जुनं झालंय, पण अजून वर्षभर जाईल. चहा मागवला. पुस्तकाकडे बोट करून विचारलं, "तुम्ही वाचलंत? कसा आहे शेवट?"

"वाईट," मी म्हटलं. "पण तूच वाच."

"तुम्हीच वाचा ना," तो म्हणाला आणि पुसलेल्या हाताने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

सहा चाळीसची गाडी चुकली.